महाराष्ट्रातील बांधकाम कामगार चळवळ

महाराष्ट्रातील बांधकाम कामगार चळवळ ही इमारती, रस्ते, पूल, धरणे इत्यादी बांधकामांवर राबणाऱ्या असंघटित मजुरांना किमान वेतन, कामावरील सुरक्षितता आणि सामाजिक सुरक्षा मिळावी यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आलेली चळवळ होय. गिरणी कामगारांच्या चळवळीप्रमाणे ती एखाद्या कारखान्याच्या दारात उभी राहिली नाही. बांधकाम मजुराचा मालक दर कामाला, पुष्कळदा दर दिवसाला बदलतो. त्यामुळे त्याच्या कल्याणाची जबाबदारी एकट्या मालकावर न ठेवता संपूर्ण बांधकाम उद्योगावर टाकावी, ही या चळवळीची मध्यवर्ती मागणी राहिली. १९९६ चे केंद्रीय कायदे आणि २०११ मध्ये स्थापन झालेले राज्याचे कल्याणकारी मंडळ ही त्या मागणीची फलिते मानली जातात. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी परिसरात गोदामे, वीटभट्ट्या, अनधिकृत इमारती आणि मोठे वाहतूक प्रकल्प एकाच ठिकाणी आढळतात. त्यामुळे या चळवळीचे यश आणि मर्यादा या दोन्हींच्या अभ्यासासाठी तो परिसर महत्त्वाचा ठरतो.

व्याप्ती

बांधकाम कामगार या संज्ञेत गवंडी, सुतार, सेंटरिंग कामगार, सळई बांधणारे फिटर, प्लंबर, वीजतंत्री, रंगारी, फरशी बसविणारे कारागीर आणि या सर्वांच्या हाताखाली माल वाहणारे बिगारी यांचा समावेश होतो. रस्ते, रेल्वे, पाटबंधारे, मनोरे व जलवाहिन्या यांच्या कामांवरील मजूरही कायद्याच्या दृष्टीने याच वर्गात मोडतात. ज्या ठिकाणी कारखाने अधिनियम, १९४८ किंवा खाण अधिनियम, १९५२ लागू होत असे, ती कामे मात्र १९९६ च्या कायद्याच्या व्याख्येतून वगळण्यात आली होती. त्यामुळे वीट, खडी, वाळू असे बांधकामाचे साहित्य तयार करणारा मजूर आणि ते साहित्य वापरणारा मजूर हे एकाच उद्योगसाखळीचे दुवे असूनही कायद्यापुढे अनेकदा वेगळे ठरतात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात दगड, माती व चुन्याची कामे परंपरेने वडार, बेलदार, पाथरवट, गवंडी अशा समाजांकडे होती. ही कामे जातीच्या व नात्याच्या बंधनांतून मिळत आणि मजुरीही तशीच ठरे. ब्रिटिश काळात रेल्वे, बंदरे व धरणे यांच्या उभारणीतून ठेकेदारी पद्धत रुजली. ठेकेदार, त्याच्या हाताखाली मुकादम आणि मुकादमाच्या मागे गावाकडून आणलेली मजुरांची टोळी ही उतरंड आजही बऱ्याच प्रमाणात टिकून आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई, ठाणे व पुणे या शहरांचा विस्तार झाला. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रातील कोरडवाहू भागांतून शहरांकडे होणाऱ्या स्थलांतराला मोठी चालना दिली. उत्तर कर्नाटक आणि तेलंगणातील मजूरही याच मार्गाने आले. पुढे उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा व पश्चिम बंगाल येथून येणाऱ्या कामगारांचे प्रमाण वाढले. भाषा, प्रांत आणि कौशल्य यांनुसार विभागलेल्या या कामगारवर्गाला एका संघटनेत आणणे ही प्रारंभापासूनची अडचण ठरली.

मजूर नाका

काम मिळविण्याचे एक प्रमुख ठिकाण म्हणजे मजूर नाका. मुंबई, ठाणे, कल्याण, भिवंडी, पुणे, नाशिक अशा शहरांत ठरावीक चौकांत सकाळी मजूर जमतात. तेथे ठेकेदार किंवा घरमालक येतो, दिवसाची मजुरी ठरते आणि मजूर त्याच्याबरोबर जातो. या व्यवहाराची लेखी नोंद नसते. काम संपल्यावर ठरलेली मजुरी मिळाली नाही, तर मालकाचे नाव किंवा पत्ता सांगणेही मजुराला अवघड जाते.

म्हणूनच काही संघटनांनी कारखान्याऐवजी नाका हाच संघटनेचा पाया मानला. मुंबईतील निर्माण मजदूर संघटना ही नाक्यावरील कामगारांमध्ये काम करणारी एक परिचित संघटना आहे. बुडालेल्या मजुरीची वसुली, ओळखपत्रे, शिधापत्रिका आणि नाक्यावर निवारा व पाण्याची सोय असे प्रश्न नाक्यावरील संघटनांच्या कामात प्रामुख्याने येतात. डाव्या पक्षांशी संलग्न तसेच इतर केंद्रीय कामगार संघटनांनीही राज्यात बांधकाम कामगारांचे स्वतंत्र संघ उभे केले.

प्रचलित कामगार कायद्यांच्या मर्यादा

कामगार संघ अधिनियम, १९२६ नुसार बांधकाम कामगारांना संघटना नोंदविता येत असे. तथापि नोंदणी आणि वाटाघाटीचा हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यान्वये संघटनेला मान्यता मिळण्यासाठी संबंधित आस्थापनेत ५० किंवा अधिक कामगार असावे लागतात आणि त्यांपैकी किमान ३० टक्के कामगार सलग सहा महिने संघटनेचे सभासद असावे लागतात. ज्या कामावर सहा महिन्यांत पायाभरणीचे मजूर जाऊन रंगकामाचे मजूर येतात, तेथे ही अट पूर्ण करणे जवळजवळ अशक्य होते.

किमान वेतन अधिनियम, १९४८ च्या अनुसूचीत रस्ते व इमारतींच्या बांधकामाचा आणि दगड फोडण्याच्या कामाचा समावेश होता. कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० आणि आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, १९७९ हेही या क्षेत्राला लागू होते. या कायद्यांची अंमलबजावणी हजेरीपट, वेतनपत्रक आणि परवाना या कागदांवर अवलंबून होती. नाक्यावरच्या मजुराजवळ नेमके हेच कागद नसत.

माथाडी कायद्याचा आदर्श

या पेचातून मार्ग दाखविणारे उदाहरण महाराष्ट्रातच घडले होते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगारांच्या लढ्यानंतर महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ संमत झाला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या हमाल पंचायतीनेही हमालांच्या हक्कांचा प्रश्न लावून धरला होता. या कायद्याने मालक, कामगार व शासन यांचे त्रिपक्षीय मंडळ निर्माण केले. कामगाराची नोंदणी मंडळाकडे होते, मालक मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरतो आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा, वैद्यकीय मदत इत्यादी लाभ मंडळामार्फत मिळतात. मालक अनेक असले तरी कामगाराचे नाते एका स्थिर संस्थेशी जोडता येते, हे या कायद्याने सिद्ध केले. तमिळनाडूने १९८२ मध्ये अंगमेहनतीच्या कामगारांसाठी कायदा केला. बांधकाम कामगारांच्या राष्ट्रीय मागणीमागे या अनुभवांची प्रेरणा होती.

राष्ट्रीय मोहीम आणि १९९६ चे कायदे

१९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या स्थितीविषयी पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संस्थेने सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. न्यायालयाने त्याच वर्षी महत्त्वाचा निर्णय दिला. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारी होय आणि बांधकाम हे धोकादायक काम असल्यामुळे १४ वर्षांखालील मुलांना त्यावर ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

त्यानंतर विविध राज्यांतील संघटनांनी एकत्र येऊन १९८० च्या दशकाच्या मध्यास बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा व्हावा यासाठी राष्ट्रीय मोहीम समिती स्थापन केली. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचे नेतृत्व तिला लाभले. समितीने संसदेला निवेदन सादर केले. १९८८ मध्ये शासनाने एक विधेयक मांडले, परंतु सामाजिक सुरक्षेची पुरेशी तरतूद त्यात नसल्याची संघटनांची तक्रार होती. १९९५ च्या अखेरीस अध्यादेश निघाले आणि १९९६ मध्ये दोन कायदे संमत झाले.

पहिला कायदा इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या रोजगाराचे व सेवाशर्तींचे नियमन करणारा होता. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना तो लागू करण्यात आला. १० लाख रुपयांपर्यंत खर्चाचे स्वतःच्या निवासासाठीचे खाजगी बांधकाम त्यातून वगळण्यात आले. मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगाराला लाभार्थी म्हणून नोंदणीचा हक्क मिळाला. राज्य कल्याण मंडळात शासन, मालक व कामगार यांचे समान प्रतिनिधित्व आणि किमान एका स्त्री सदस्याचा समावेश बंधनकारक ठरविण्यात आला.

दुसरा कायदा उपकराचा होता. जमिनीची किंमत वगळून बांधकाम खर्चाच्या १ ते २ टक्के उपकर घेण्याची तरतूद त्यात असून प्रत्यक्ष दर १ टक्का ठरविण्यात आला. हा उपकर कर नसून शुल्क आहे आणि त्यामुळे तो वैध आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिवाणचंद बिल्डर्स प्रकरणात दिला.

महाराष्ट्रातील अंमलबजावणी

माथाडी कायद्याचा आदर्श घालून देणाऱ्या महाराष्ट्रात १९९६ च्या कायद्याची अंमलबजावणी विलंबाने झाली. राज्याचे नियम २००७ मध्ये तयार झाले आणि महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. कायदा संमत होऊन मंडळ अस्तित्वात येईपर्यंत पंधरा वर्षे लोटली. या काळात कामाचे वय उलटून गेलेल्या मजुरांना कायद्याचा लाभ मिळू शकला नाही.

मंडळामार्फत पाल्यांच्या शिक्षणासाठी साहाय्य, प्रसूती व विवाह साहाय्य, आजारपणातील मदत, घरबांधणीसाठी अनुदान, अवजारे खरेदीसाठी रक्कम आणि सुरक्षा संच अशा योजना राबविल्या जातात. नोंदीत कामगाराचा कामावर असताना मृत्यू झाल्यास ५ लाख रुपये आणि नैसर्गिक मृत्यू झाल्यास २ लाख रुपये वारसाला देण्याची योजना आहे. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ नुसार मालकाकडून मिळणारी भरपाई याहून स्वतंत्र असे.

नोंदणीतील सर्वांत वादग्रस्त बाब म्हणजे ९० दिवसांचे प्रमाणपत्र. ते ठेकेदाराने, किंवा स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याने अथवा ग्रामसेवकाने देणे अपेक्षित असते. प्रमाणपत्र दिल्यास आपली देणी उघड होतील या भीतीने ठेकेदार ते टाळतात. प्रत्यक्ष काम न पाहता दाखला देण्याच्या जबाबदारीला ग्रामसेवकांच्या संघटनांनीही विरोध केला. या पोकळीत दलालांचा शिरकाव झाला. पैसे घेऊन नोंदणी करून देणे आणि बांधकामाशी संबंध नसलेल्यांची नावे नोंदविणे अशा तक्रारी राज्यभर झाल्या. नोंदणीचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागत असल्यामुळे खरा कामगार पुन्हा पुन्हा याच अडथळ्यापाशी येतो. नोंदणी अर्ज भरून देणे, दाखले मिळविणे आणि रखडलेल्या दाव्यांचा पाठपुरावा करणे हा त्यामुळे संघटनांच्या दैनंदिन कामाचा मोठा भाग बनला आहे.

लाभ रोख स्वरूपात द्यावेत की वस्तुरूपाने, हाही वादाचा विषय ठरला. मध्यान्ह भोजन, भांड्यांचे संच व इतर वस्तूंच्या वाटपावर मोठा निधी खर्च होण्याला अनेक संघटनांनी आक्षेप घेतला. लाभाची रक्कम थेट बँक खात्यात जमा करावी, अशी त्यांची भूमिका आहे.

भिवंडी आणि ठाणे जिल्हा

कामवारी नदीकाठी वसलेले भिवंडी हे यंत्रमागाचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भिवंडी-निजामपूर महापालिकेची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर कापडाचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर यंत्रमागांकडे वळले आणि भिवंडीची वाढ वेगाने झाली. पुढे मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली या गावांच्या परिसरात गोदामांचे विस्तीर्ण जाळे उभे राहिले. यंत्रमाग कारखाने, मजुरांच्या चाळी, गोदामे आणि निवासी इमारती यांच्या बांधकामाने हजारो मजुरांना काम दिले.

या बांधकामांना लागणारी वीट प्रामुख्याने भिवंडी, वाडा, शहापूर, वसई या तालुक्यांतील भट्ट्यांवर तयार होत आली. दिवाळीनंतर भट्ट्या सुरू होतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर बंद पडतात. तेथील मजुरांत आदिम जमात म्हणून नोंद असलेल्या कातकरी समाजाचे प्रमाण मोठे आहे. पावसाळ्यात रोजगार नसताना मालकाकडून उचल किंवा बयाणा घ्यायचा आणि हंगामभर विटा पाडून ती फेडायची, अशी पद्धत आहे. मजुरी हजार विटांमागे ठरते आणि हिशेब मालकाच्या वहीत राहतो. हंगामअखेर काही रक्कम शिल्लक निघाली तर ती पुढील हंगामाच्या मानगुटीवर बसते. वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम, १९७६ असूनही या भागात कर्जापायी बांधले गेलेल्या मजुरांची प्रकरणे उघडकीस येत राहिली आहेत.

या प्रश्नावर काम करणाऱ्या संघटनांत श्रमजीवी संघटना प्रमुख आहे. विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांनी १९८२ मध्ये वसई तालुक्यातून तिचे कार्य सुरू केले. वेठबिगारांची मुक्तता, मुक्त झालेल्यांना शासकीय मुक्तीपत्र व पुनर्वसन मिळवून देणे आणि किमान वेतनाची अंमलबजावणी हे तिच्या कार्याचे मुख्य भाग होत. अविभक्त ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यासह, तिचा विस्तार झाला. ही संघटना केवळ बांधकाम कामगारांची नाही. तरीही शहरातील इमारतीच्या पहिल्या कच्च्या मालाशी निगडित असलेल्या श्रमिकांना संघटित करण्याचे काम तिने केले.

अनधिकृत बांधकामे ही या परिसराची दुसरी गंभीर समस्या आहे. इमारतीच्या आराखड्याला मंजुरी देताना स्थानिक प्राधिकरण उपकर वसूल करते. मंजुरीच न घेता इमारत उभी राहिली, तर उपकराची वसुली होत नाही, कामाची नोंद कामगार विभागाकडे जात नाही आणि तेथील मजुराला ९० दिवसांचा दाखला देणारा कोणी उरत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाणे महापालिका हद्दीतील शीळ येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत बहुमजली इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. मृतांत त्याच इमारतीत राहणारे बांधकाम मजूर आणि त्यांच्या मुलांचा समावेश होता. जे काम सुरू होते तेच मजुरांचे घर होते, ही बाब या दुर्घटनेने प्रकर्षाने समोर आणली.

अधिकृत आणि मोठ्या कामांवरही सुरक्षिततेचा प्रश्न कायम राहिला. १ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर उभारणीची यंत्रणा कोसळून २० जण मरण पावले. त्याच वर्षी १० सप्टेंबर रोजी ठाण्यात बाळकुम परिसरातील बहुमजली इमारतीची उद्वाहक यंत्रणा कोसळून ७ कामगारांचा मृत्यू झाला. १९९६ च्या कायद्यानुसार ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत कामगार प्रतिनिधींसह सुरक्षा समिती असणे बंधनकारक होते. उपठेक्यांमध्ये काम विभागले गेल्यावर या समितीत मजुराचा आवाज कितपत पोहोचतो, असा प्रश्न संघटना उपस्थित करतात. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो मार्ग ५ आणि मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वे यांसारख्या प्रकल्पांमुळे परिसरात परप्रांतीय ठेका मजुरांची संख्या वाढली आहे. कामाच्या जागेवरील वसाहतीत राहणाऱ्या या मजुरांपर्यंत स्थानिक संघटनांना पोहोचणे अवघड जाते.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने नोंदणीचे महत्त्व आणि तिच्यातील उणिवा एकाच वेळी दाखवून दिल्या. राज्य शासनाने एप्रिल २०२० मध्ये सुमारे १२ लाख नोंदीत बांधकाम कामगारांना प्रत्येकी २,००० रुपये देण्याचे जाहीर केले. नोंदणी नसलेला किंवा नूतनीकरण राहून गेलेला मजूर या मदतीबाहेर राहिला. मे महिन्याच्या प्रारंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी सुटली. राज्याराज्यांची मंडळे स्वतंत्र असल्यामुळे स्थलांतरित बांधकाम मजुराची नोंद गावाकडे असली तरी महाराष्ट्रात तिचा उपयोग होत नव्हता.

स्त्री कामगार

बांधकामावरील स्त्रिया बहुतांशी बिगारी म्हणून वाळू, विटा व काँक्रीट वाहण्याचे काम करतात. गवंडीकाम शिकण्याची संधी त्यांना क्वचितच मिळते. वीटभट्टीवर तर संपूर्ण कुटुंब राबत असूनही उचल व हिशेब पुरुषाच्या नावे असतो. परिणामी स्त्रीच्या श्रमाची स्वतंत्र नोंद होत नाही आणि ९० दिवसांचा दाखला मिळविणे तिला अधिक कठीण जाते. समान वेतन अधिनियम, १९७६ या क्षेत्रात फारसा प्रभावी ठरला नाही. मुलांच्या संगोपनासाठी १९६९ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या मोबाईल क्रेशेस या संस्थेने १९७२ पासून मुंबईतही बांधकामांवर पाळणाघरे चालविली. पन्नासपेक्षा अधिक स्त्री कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सक्ती १९९६ च्या कायद्याने केली.

न्यायालयीन हस्तक्षेप

उपकर जमा होतो, परंतु तो कामगारांपर्यंत पोहोचत नाही, अशी तक्रार घेऊन राष्ट्रीय मोहीम समिती सर्वोच्च न्यायालयात गेली. १९ मार्च २०१८ रोजी न्या. मदन लोकूर व न्या. दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने निर्णय दिला. देशभरात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर जमा झाला असताना सुमारे ९,५०० कोटी रुपयेच कामगारांच्या कल्याणासाठी वापरले गेले, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. केंद्राने सर्व राज्यांसाठी आदर्श योजना तयार करावी आणि नोंदणीची यंत्रणा बळकट करावी, असे आदेश देण्यात आले.

श्रमसंहिता आणि सद्यस्थिती

संसदेने २०१९ व २०२० मध्ये संमत केलेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. १९९६ च्या दोन्ही कायद्यांचा आशय त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षितता संहिता आणि सामाजिक सुरक्षा संहिता यांत विभागला गेला. मंडळ व उपकर यांची तरतूद कायम आहे. मात्र स्वतःच्या निवासासाठीच्या बांधकामाला मिळणारी सूट १० लाखांवरून ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली आणि उपकराच्या स्वयंनिर्धारणाची पद्धत स्वीकारण्यात आली. प्रक्रिया सुलभ झाल्याचे शासनाचे म्हणणे आहे. लहान शहरे व ग्रामीण भागांतील बहुसंख्य घरबांधणी उपकराच्या कक्षेबाहेर जाईल आणि मंडळाचा निधी घटेल, अशी भीती बांधकाम कामगारांच्या संघटनांनी व्यक्त केली आहे.

मूल्यमापन

बांधकाम कामगार चळवळीने भारतीय कामगार कायद्यात एक मूलगामी कल्पना रुजविली. मजुराने बांधलेल्या प्रत्येक इमारतीच्या खर्चातून त्याच्या कल्याणाचा वाटा निघावा, मग त्याचा मालक कोणीही असो, ही ती कल्पना होय. परंतु हा वाटा मिळण्यासाठी मजुराला आपण मजूर असल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि तो पुरावा अजूनही ठेकेदाराच्या किंवा अधिकाऱ्याच्या सहीवर अवलंबून आहे. मंडळाच्या स्थापनेनंतर अनेक संघटनांची शक्ती वाटाघाटी व मजुरीवाढीपेक्षा नोंदणी व योजनांच्या लाभाकडे वळली, अशीही टीका केली जाते. तथापि नोंदणीच्या निमित्ताने नाक्यावरचा मजूर संघटनेच्या कार्यालयात येऊ लागला, ही वस्तुस्थितीही नाकारता येत नाही. भिवंडीसारख्या ठिकाणी वीटभट्टीवरील कातकरी, नाक्यावरील बिगारी आणि मेट्रोच्या कामावरील परप्रांतीय मजूर यांना एका कक्षेत आणणारी संघटना आणि यंत्रणा उभी करणे हे चळवळीपुढील अपूर्ण कार्य आहे.